जोडते, बोला

कुठल्याही घरात गेल्या की बाई आधी टीव्हीच्या पाठीमागे जात. घरातली माणसं सांगायला लागत, की चित्र येतं पण आवाज येत नाही, किंवा आवाज येतो पण माणसाचं तोंड हलायच्या आधीच येतो. तोवर बाईंचं अर्धं अंग टीव्ही आणि भिंत यांच्या फटीत गेलेलं असे. बाहेर दिसत फक्त साडीचा काठ आणि पायांतले निळे मोजे. "सांगा, सांगा, ऐकतेय मी," असा आवाज मागून येई. पुढून बघून काही कळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. "पुढून सगळेच टीव्ही चांगले दिसतात हो. दुकानात नाही का दिसत?"

बॅटरी देऊ का, असं कोणी विचारलं तर त्या नको म्हणत. "उजेड असला की मी भोकांवर लिहिलेलं वाचत बसते आणि हात थांबतो."

आमच्या घरी बाई टीव्हीच्या मागे एकदाच गेल्या. तेव्हा प्रश्न टीव्हीचा नव्हता, माझ्या आईच्या कानांचा होता. त्याच्याबद्दल लिहायचं म्हणूनच बसलो आहे, पण बाई कोण होत्या ते सांगितल्याशिवाय तिथवर जाता येत नाही.

बाई तलासरीच्या. तरुणपणी त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. ते काम काय होतं, हे आता समजावून सांगावं लागतं. फोन उचलला की एक्स्चेंजमध्ये बोर्डावर त्या नंबराची झडप पडे. बाई कानाला यंत्र लावून बसलेल्या असत. कोण हवंय ते विचारायचं, पितळी टोकाची दोरी त्याच्या भोकात खुपसायची, "जोडते" म्हणायचं, पलीकडून उत्तर आलं की "बोला" म्हणायचं आणि आपण बाजूला व्हायचं. पुढे यंत्रं आपोआप जोडायला लागली आणि बाईंना कागदांच्या टेबलावर बसवलं. तिथेच त्या निवृत्त झाल्या. मधल्या पंचवीस वर्षांबद्दल त्या कधी काही बोलल्या नाहीत. विचारलं तर म्हणत, "कागद होते."

निवृत्तीनंतर भाच्याने होम थिएटर आणलं. तीन दिवस त्यातून आवाज निघेना. भाचा, त्याचे मित्र, दुकानातला माणूस, सगळे थकले. बाई बाजूला गवार मोडत बसल्या होत्या. शेंगा संपल्यावर त्या उठल्या, सगळ्या वायरी उपटून काढल्या, मध्ये बसकण मारली आणि एकेक वायर लावायला घेतली. अर्ध्या तासात घर दणाणलं. तिथून पुढे तलासरीपासून डहाणूपर्यंत कोणाचं यंत्र मुकं झालं की बाईंना बोलावणं जाऊ लागलं. त्या हायवेवरून बसने येत, नाहीतर रिक्षाने. पैसे घेत नसत, त्या घरचे लोक जे देतील ते पिशवीत घालून नेत. कुठे चिकू, कुठे वाल, कुठे सुके बोंबील.

त्यांची रीत ठरलेली होती. आधी घरातले सगळे रिमोट गोळा करायचे, ते एका उशीखाली ठेवायचे आणि त्या उशीवर घरातल्या सर्वांत उतावळ्या माणसाला बसवायचं. मग सगळं सोडवायचं. सोडवताना घरातल्या पुरुषांचे चेहरे बघण्यासारखे होत. त्यानंतर एक वायर लावायची आणि थांबायचं. दोन वायरी एकदम कधीच लावायच्या नाहीत. लावताना त्या मोठ्याने म्हणत, "जोडते." लावून झाली की, "बोला." हे 'बोला' यंत्राला उद्देशून असे, पण नवख्या घरात ते लक्षात येत नसे. डहाणूतल्या एका वकिलांनी उभं राहून आपलं नाव आणि पत्ता सांगितला होता.

वायरींना त्यांनी आपली नावं दिली होती. चित्र आणि आवाज दोन्ही नेणारी ती जाड एचडीएमआयची वायर म्हणजे 'मुंबई'. जिच्यातून नुसता प्रकाश जातो आणि त्या प्रकाशाचाच आवाज होतो, ती बारीक काळी वायर 'सुरत'. पिवळ्या, लाल, पांढऱ्या टोकांची जुनी तिपेडी वायर 'वाणगाव'. गावांची नावं का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "मुंबई लागली की बाकी कोणी मध्ये नको असतं. सुरतची लाइन नाजूक, जरा वाकवली की तुटते. आणि काहीच लागलं नाही तर वाणगाव आहेच." जड, घुमणारा आवाज काढणाऱ्या सबवूफरला त्या ढोल म्हणत. ते बाकी सगळेच म्हणतात.

माझी त्यांची ओळख मात्र टीव्हीमुळे झाली नाही. मी डहाणूच्या एका लहानशा वाचनालयात ग्रंथपाल होतो. बाई गुरुवारी येत आणि कपाटाच्या तळाशी पडलेली जुनी टेलिफोन डिरेक्टरी मागत. ती घेऊन खिडकीशी बसत आणि कादंबरी वाचावी तशी वाचत. मध्येच हसत. एखाद्या नावावर बोट ठेवून थोडा वेळ तशाच बसत. कादंबऱ्यांची कपाटं सोडून ह्या हे काय वाचतात, याचं मला फार दिवस कुतूहल होतं. एकदा धीर करून त्यांच्या बोटाखालच्या नावाकडे बघत म्हणालो, "हे तर मोठे व्यापारी होते. यांचं सुरतला रोज कोणाशी तरी बोलणं असायचं असं म्हणतात. कोणाशी हो?"

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"तीन मिनिटं बोलायचे," त्या म्हणाल्या आणि पान उलटलं.

गेल्या थंडीत बाई गेल्या. दोन दिवस ताप आला आणि गेल्या. तेराव्याला मी तलासरीला गेलो तेव्हा मनातून धास्तावलो होतो. मला अशा ठिकाणी बोलता येत नाही. पण मांडवात शिरलो तर माणसं हसत होती. दर दोन माणसांमागे एकाच्या टीव्हीमागे बाई कधीतरी जाऊन आल्या होत्या आणि प्रत्येकाला आपलीच गोष्ट सांगायची होती. मी कोपऱ्यात बसून ऐकत राहिलो. काही गोष्टी मला ठाऊक होत्या. दोन नव्या कळल्या.

पहिली डहाणूच्या किनाऱ्यावरच्या घरातली. घर तांडेलाचं, म्हणजे बोट चालवणाऱ्याचं. त्याची म्हातारी आई स्वतः सांगत होती. दसऱ्याला त्यांनी बोटीचं इंजिन पुजलं, जाळी पुजली, तराजू पुजला आणि त्या वर्षी नवीनच आलेलं होम थिएटरही पुजलं. दुसऱ्या दिवशी चित्र होतं, आवाज नव्हता. बाई आल्या, मागे गेल्या आणि बऱ्याच वेळाने हाताचं बोट तेवढं बाहेर आलं. बोट लाल होतं.

"सुरतच्या भोकात कुंकू कोणी भरलं?" बाईंनी विचारलं.

"मी," म्हातारी म्हणाली. "पूजा केली, बाय."

"पूजा पुढून करायची ना, आजी. मागून कशाला?"

"आता घ्या. करंट कुठून जातो? मागून. जीव कुठं हाय? मागं. मग पुढल्या काचेला कुंकू लावून काय, तिला नटवायची हाय?"

प्रकाश जायच्या वाटेत कुंकू बसल्यामुळे आवाज अडला होता, हे खरं होतं. पण जीव मागे असतो हेही बाईंचंच मत होतं. त्यांनी मऊ ब्रशने कुंकू काढलं, मग पुठ्ठ्याचा एक तुकडा कापला आणि यंत्राच्या मागच्या बाजूला, भोकांपासून वीतभर दूर, चिकटवला. म्हणाल्या, "देवीची जागा ही." म्हातारी दर दसऱ्याला तिथेच कुंकू लावते. "एकदा पण आवाज गेला नाय," असं तिने मांडवात सगळ्यांना बजावून सांगितलं. येताना ती बोंबलांची पिशवी घेऊन आली होती आणि तेराव्याच्या घरात ती कुठे ठेवावी हे तिला कळत नव्हतं. शेवटी तिने ती माझ्या मांडीवर ठेवली.

दुसरी गोष्ट गंजाडची. तिथल्या एका पाड्यावर दोन चुलतभावांची घरं भिंतीला भिंत लागून. दोघांनी एकाच दुकानातून एकाच जातीचा बिनवायरीचा स्पीकर आणला. झालं असं, की एकाच्या टीव्हीचा आवाज दुसऱ्याच्या स्पीकरला जाऊन चिकटला. चित्र इकडे, आवाज तिकडे. भिंतीत खिडकी नव्हती. पण लोक काही अडून बसले नाहीत. अर्धे इकडे बसून बघत, अर्धे तिकडे बसून ऐकत. बघणाऱ्यांनी ओरडून सांगायचं, "आता तो पडला!" आणि ऐकणाऱ्यांनी उलट सांगायचं, "आता तो सॉरी बोलला!" असं तीन आठवडे चाललं. मग शेताच्या दुसऱ्याच कुठल्या कामाला आलेल्या कोणीतरी बाईंना सांगितलं. बाई गेल्या, दोन मिनिटांत ज्याचा आवाज त्याला दिला आणि "बोला" म्हणाल्या.

सगळे आपापल्या घरात बसले. थोड्या वेळाने एक भाऊ बाहेर आला आणि म्हणाला, "बरं झालं. पण मजा गेली."

बाईंनी पिशवी खांद्याला लावली होती, ती खाली ठेवली. "परत जोडून देऊ?"

भावाने आत जाऊन विचारलं. आतून एकमताने 'हो' आलं. बाईंनी एकाचा आवाज पुन्हा दुसऱ्याच्या घरात घातला. तो अजून तिथेच आहे, असं सांगणारा म्हणाला.

आता आईचं.

माझ्या आईची दृष्टी काचबिंदूने गेली त्याला आठ वर्षं झाली. तिने ते फार आरडाओरडा न करता सोसलं, कारण टीव्ही होता. ती मालिका ऐकायची. आवाजावरून माणसं ओळखायची आणि त्यांना आपली नावं द्यायची. एकीचं नाव तिने 'घशात खवखव' ठेवलं होतं, एका सासऱ्याचं 'फाटका भोंगा'. माझा मुलगा वापीला कारखान्यात आहे. मागच्या एका दिवाळीला तो आजीसाठी होम थिएटर घेऊन आला, चार कोपऱ्यांत चार स्पीकर ठोकले, कोपऱ्यात ढोल ठेवला, आणि दुसऱ्या दिवशीची पाळी होती म्हणून घाईने परत गेला.

आईने दहाबारा दिवस ऐकलं. मग तिने टीव्ही लावू नका म्हणून सांगितलं. "कंटाळा आला. तेच तेच असतं." फोनवर यायलाही ती टाळू लागली. तिची बहीण उंबरगावहून दर सोमवारी फोन करते. तेव्हा ती झोपल्याचं सोंग घेऊ लागली. मला वाटलं, वय झालं. खरी गोष्ट अशी होती, की आईला वाटत होतं, डोळ्यांपाठोपाठ आता कानही चालले. यंत्रातून संगीत यायचं, ढगांचा गडगडाट यायचा, दारं आपटल्याचे आवाज यायचे, पण माणसं बोलायला लागली की ती विहिरीच्या तळातून बोलल्यासारखी वाटायची. तिच्या आईचे कान गेले ते असेच. आधी बोलणं गेलं, मग बाकीचं. हे तिने आम्हाला सांगितलं नाही. आंधळ्या म्हातारीने बहिरं होणं म्हणजे घरात असून नसणं, हे ती ओळखून होती, आणि ते होईतो गप्प राहायचं तिने ठरवलं होतं.

आमच्या लक्षात का आलं नाही, हे लिहिणं जड जातं. मी टीव्ही बघत नाही. माझी पत्नी वाणगावच्या शाळेत शिकवते; ती संध्याकाळी दमून येते आणि बातम्यांखाली सरकणारी पट्टी वाचली की तिला पुरतं. बोलणं बारीक वाटलं की ती आवाज वाढवायची. मग ढोल वाजून कपाटातल्या बरण्या हलायच्या. मोठ्या यंत्राचं असंच असणार, असं आम्ही धरून चाललो.

तीन महिने असे गेले. एका रविवारी दुपारी बाई आल्या. त्या आठवड्यात पहिल्यांदाच घरी नेलेली डिरेक्टरी, वाचनालय बंद म्हणून, आमच्याकडे परत करायला आल्या होत्या. मी आतल्या खोलीत टेबलाशी वाचत होतो. पत्नीने त्यांना आईजवळ बसवलं. थोड्या वेळाने बाईंचा आवाज ऐकू आला.

"आजी, टीव्ही का बंद?"

"कंटाळा आला."

"कशाचा? ऐकायचा की ऐकू न येण्याचा?"

मी पुस्तक मिटलं. मग आई अगदी हळू म्हणाली, "घरात कोणाला सांगू नका. डोळ्यांच्या मागोमाग तेही निघालंय."

मी खुर्ची मागे सारून उठलो. बाई मात्र जरा कुठे हेलावल्या नाहीत. कोणी फोन लागत नसल्याची तक्रार केली असती तर त्या जशा बोलल्या असत्या तशाच बोलल्या.

"बघू लाइन. मी आकडे सांगते, तुम्ही परत सांगा. चार."

"चार," आई म्हणाली.

बाई दाराशी गेल्या. "सात." आई म्हणाली, सात. बाई ओटीवर गेल्या. तिथून काहीतरी म्हणाल्या. आई म्हणाली, "दोन." बाई अंगणात उतरल्या, चिकूच्या झाडापर्यंत गेल्या. आता मी बाहेरच्या खोलीत येऊन उभा होतो. मला बाईंचे ओठ हललेले दिसले, ऐकू काही आलं नाही. पत्नीने माझ्याकडे बघितलं. तिलाही आलं नव्हतं.

आईने मान वाकडी केली. "नऊ," ती म्हणाली. "आणि तुमच्या मागे रस्त्यावर कोणीतरी खोकलतंय."

बाई परत आल्या त्या सरळ टीव्हीच्या मागे शिरल्या. "तुमचे कान माझ्याहून चांगले आहेत, आजी. आता बोलणारे कुठे गेले ते बघते." मागून त्यांचं मोजणं ऐकू येऊ लागलं. "मुंबई ठीक. पुढचे दोन ठीक. मागचे दोन ठीक. ढोल ठीक." मग भोकांवरून नख फिरल्याचा आवाज. "एक भोक रिकामं आहे. मधल्याचं. पाचवा कुठे आहे?"

"चारच आहेत," मी म्हणालो. "चार कोपरे आहेत."

"ढोल सोडून पाच येतात हो. एक आडवा असतो, लांबट, टीव्हीखाली ठेवायचा. माणसं त्याच्यातून बोलतात. बाकीचे चार नुसते वाजतात."

लांबट, आडवा. माझी नजर माझ्या पुस्तकांच्या फळीकडे गेली. तिथे शब्दकोशाचे सहा खंड एका काळ्या, जड, लांबट पेटीला टेकून ताठ उभे होते. मुलगा निघताना दारातून म्हणाला होता, "बाबा, हा टीव्हीखाली ठेवा." मी हातातल्या पुस्तकावरून मान हलवली होती. टीव्हीखाली जागा नव्हती. आणि खंड तर कित्येक वर्षं कलत होते.

पत्नीने माझ्या नजरेचा माग काढला होता. "अहो," एवढंच ती म्हणाली.

बाई फटीतून बाहेर आल्या, केसाला लागलेलं जळमट काढलं आणि फळीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "एवढी माणसं," त्या म्हणाल्या, "तुम्ही पुस्तकांना टेकू म्हणून लावलीत?"

"काय झालं? काय केलंय त्याने?" आईने विचारलं.

बाईंनी सांगितलं. मला वाटलं आई रडेल. ती म्हणाली, "लहानपणी एकदा दुधाचं पातेलं उतू जात होतं तर हा त्याच्या उजेडात वाचत बसला होता."

"दुधाचा कसला उजेड, आई? चुलीचा."

"तेच ते. दूध गेलंच ना?"

मी पेटी ओढली आणि सहाही खंड माझ्या पायावर आले. बाईंनी पेटीची वायर मागे नेली. "जोडते," त्या म्हणाल्या. पत्नीने टीव्ही लावला. दुपारी मालिकेचा जुना भाग परत दाखवतात, तो चालू होता. "बोला."

टीव्हीखालून एक बाई एवढ्या मोठ्याने बोलली की आम्ही तिघंही दचकलो. या घरात मी हे लग्न होऊ देणार नाही, असं ती म्हणत होती. आईचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर घट्ट झाले. तिचा चेहरा आधी आक्रसला, मग सुटत गेला.

"घशात खवखव," ती म्हणाली. आणि जरा ऐकून, "हिचं अजून तेच चाललंय? तीन महिने झाले."

"तुम्ही नव्हतात ना, आजी," बाई म्हणाल्या. "थांबले असतील."

आई हसली. मग तिने कपाळाला आठ्या घातल्या आणि माझ्या दिशेने हात हलवला. "आवाज कमी कर रे. केवढ्याने लावलाय."

मी कमी केला.

"अजून."

मी आणखी कमी केला. पत्नी खुर्ची पुढे ओढून बसली. बाईंनी कानामागे हात धरला.

"अजून थोडा," आई म्हणाली, आणि पाठ टेकून निवांत बसली. मला आता टीव्हीतल्या माणसांचे नुसते ओठ हलताना दिसत होते.